मनमाडचे अडतीस डबे

ऑफिस सुटल्यावर घरी न जाता तशीच कल्याण स्टेशनवर गेले आणि संध्याकाळची पंचवटी धरली. पिशवीत एक साडी, एक चादर आणि डबा एवढेच सामान. बसायला जागा मिळाली ती नाशिकरोडला. तिथून पुढे गाडी रिकामी होत जाते. निफाड गेले, लासलगाव गेले. कांद्याचा वास आला की मनमाड जवळ आले, असे आम्ही लहानपणी म्हणत असू. आईचा हात धरून उन्हाळ्याच्या सुट्टीत मामाच्या गावाला येत होते, तेव्हाही हाच वास होता.

मनमाड हे रेल्वेचे गाव. नागपूरकडून, पुण्याकडून, औरंगाबादकडून (आता छत्रपती संभाजीनगर) येणारे रूळ इथे एकत्र होतात. रेल्वेच्या पुलांचे गर्डर बनवणारा कारखाना इथे आहे, धान्याची मोठमोठी गोदामे आहेत. आपल्या समाजातील किती तरी माणसे इथे खलाशी, गँगमन, फिटर, हमाल म्हणून राबली. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ ला याच गावात रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली आणि बाबासाहेबांनी कामगारांना सांगितले की, तुमचे शत्रू दोन आहेत, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. जवळच येवला. तिथली १३ ऑक्टोबर १९३५ ची घोषणा तर लहान मुलालाही पाठ आहे. अशा गावात माझ्या मामांचा फोटो स्टुडिओ होता.

आठ दिवसांपूर्वी मामींचा फोन आला होता.

"दुकान विकलं गं. मोबाइलवाल्यानं घेतलं. माळ्यावरचे डबे भंगारवाला मागतोय. तुझ्या मामाचा जीव होता त्यात. तू येऊन बघून तरी जा."

म्हणून हा प्रवास.

मामांनी १९६६ साली स्टुडिओ सुरू केला. दहा बाय बाराचे दुकान. पुढे काउंटर, मध्ये पडदा, मागे डार्करूम. पडद्यावर बाग, कारंजे आणि संगमरवरी जिना रंगवलेला. ज्यांच्या घराला पायरीही नव्हती, ती माणसे त्या जिन्यासमोर उभी राहून फोटो काढून घेत. रेल्वेच्या पासासाठी फोटो, नोकरीच्या अर्जाला फोटो, मुलीला दाखवायला फोटो, लग्नाचे, बारशाचे, १४ एप्रिलच्या मिरवणुकीचे. मयताचाही काढत, कारण पुष्कळांचा तोच पहिला आणि शेवटचा फोटो असे. डार्करूममध्ये लाल दिवा असायचा. आम्ही मुले दाराशी उभी राहायचो आणि कोऱ्या कागदावर पाण्यात माणूस उगवताना बघायचो. २००९ मध्ये मामांनी दुकान बंद केले. डिजिटल आले आणि रोलचे गिऱ्हाईक संपले. पुढे मामाही गेले.

सकाळी मामेभावाने माळ्यावरून डबे खाली काढले. बिस्किटांचे पत्र्याचे डबे, वनस्पती तुपाचे डबे, काही बुटांचे खोके. मोजले तर अडतीस भरले. एकेका डब्यात कागदी पाकिटे, पाकिटावर नंबर आणि आत निगेटिव्ह. भंगारवाला दारात उभाच होता. त्याने सगळ्या मालाचे तीन हजार रुपये सांगितले.

"ह्याला हे कशाला हवे?" मी भावाला विचारले.

"ताई, यातून चांदी निघते."

ते खरे आहे. कृष्णधवल फिल्मवर जिलेटिनचा पातळ थर असतो आणि त्या थरात चांदीचे सूक्ष्म कण असतात. जिथे जास्त उजेड पडला तिथे जास्त चांदी उरते, म्हणून निगेटिव्हमध्ये पांढरे काळे दिसते आणि काळे पांढरे. एक्स-रेच्या जुन्या फिल्मही भंगारवाले याचसाठी घेतात. फिल्म जाळून किंवा रसायनात धुऊन चांदी काढतात. आपल्या माणसांची तोंडे त्या चांदीने उमटलेली आहेत. म्हणजे किलोच्या भावाने आपली आजी, आपला बाप आणि आपली मिरवणूक भट्टीत जाणार होती.

भावाला दोष देत नाही. त्याच्या अंगावर कर्ज आहे आणि घर दोन खोल्यांचे. मी त्याच्या हातावर तीन हजार ठेवले. तो घेईना. मामी म्हणाल्या, "घे रे. बहिणीनं सौदा केला असं समज." तेव्हा त्याने घेतले. भंगारवाला हसत निघून गेला.

आता सांगते ते माझ्या चुकीचे. लपवून उपयोग नाही, कारण तीच चूक दुसऱ्या कुणाकडून होऊ नये.

माझ्या आजीचा, म्हणजे मामांच्या आईचा, एकच फोटो होता. मामांनीच १९६८ मध्ये काढलेला. खुर्चीवर बसलेली, डोक्यावर पदर, हात गुडघ्यांवर. तो आमच्या घरी भिंतीवर असायचा. २६ जुलै २००५ च्या पुरात आमच्या चाळीत छातीभर पाणी शिरले आणि फोटो चिखल झाला. पुढे आई दर वर्षी म्हणायची, "मनमाडला दादाकडे काच असेल." निगेटिव्हला ती काचच म्हणायची. आई गेली, पण ते काही झाले नाही.

त्या दुपारी चौथ्या की पाचव्या डब्यात ते पाकीट सापडले. वर मामांच्या अक्षरात "आई" एवढेच. आत तळहातापेक्षा लहान चौकोनी फिल्म. तिच्यावर पांढरट जाळी धरली होती. बुरशी. मी उजेडाकडे धरून पाहिले, तर खुर्ची दिसली, पदर दिसला, चेहऱ्यावर मात्र डाग. मला राहवले नाही. साडीचा पदर पाण्यात भिजवला आणि हलक्या हाताने चेहऱ्यावरून फिरवला. एकदाच. डाग गेला आणि चेहराही गेला. पदराला काळपट चिकटा लागला आणि फिल्मवर, जिथे आजीचे तोंड होते तिथे, स्वच्छ पारदर्शक खिडकी उरली.

मी किती वेळ तशीच बसले, सांगता येणार नाही. मामींनी काही विचारले नाही. चहा आणून ठेवला.

संध्याकाळी मामांच्या हाताखाली काम केलेले एक काका आले. आता सत्तरी ओलांडली आहे. त्यांनी फिल्म पाहिली आणि मान हलवली.

"पाणी लावलंस ना पोरी? धड निगेटिव्ह पाण्याला भीत नाही, आम्ही पाण्यातच धूत होतो. पण बुरशी लागली की ती जिलेटिन खाते. मग ते पाण्यात साखरेसारखं विरघळतं. अशा फिल्मला कोरडंच ठेवायचं. जसं आहे तसं आधी उतरवून घ्यायचं. साफसफाई नंतर."

आधी उतरवून घ्यायचे, साफसफाई नंतर. हे वाक्य मी वहीच्या पहिल्या पानावर लिहिले आहे.

काकांनी दुसऱ्या दिवशी सगळे डबे अंगणात सावलीत मांडले आणि एकेक उघडून नाकाशी धरला. मला वाटले, म्हातारपणाची सवय असेल. पण त्यांनी सहा डबे वेगळे काढले आणि म्हणाले, "वास घे." आंबट, लोणच्यासारखा वास होता. जुनी फिल्म ॲसिटेटच्या पट्टीवर असते. ऊब आणि दमट हवा लागली की ती पट्टी कुजते आणि तिच्यातून व्हिनेगरचे आम्ल सुटते. त्या आम्लाने कुजणे आणखी वाढते आणि शेजारच्या फिल्मलाही लागते. शेवटी पट्टी आक्रसते आणि वरचा थर सुरकुततो. एक कुजका आंबा करंडी नासवतो तसेच. म्हणून ते सहा डबे पहिल्यांदा उतरवून घ्यायचे ठरले. तीन डबे तर दगड झाले होते. पत्र्याचे छप्पर गळून पाणी शिरलेले आणि फिल्म एकमेकींना चिकटून वडी झालेली. त्यांचे काही करता आले नाही.

ॲसिटेटच्या आधी नायट्रेटची फिल्म असे. ती तर स्फोटकासारखी पेटते आणि पेटली की विझत नाही. पुण्याला लॉ कॉलेज रोडवर राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. १९६४ मध्ये ते स्थापन झाले आणि पी. के. नायर यांनी देशभर हिंडून तिथे चित्रपट गोळा केले. तरी ८ जानेवारी २००३ ला पुण्यात नायट्रेट फिल्म ठेवलेल्या कोठाराला आग लागली आणि जुन्या चित्रपटांची रिळे गेली. आपल्या देशातला पहिला बोलपट 'आलम आरा' १९३१ चा. त्याची एकही प्रत आज उरलेली नाही. मोठ्या लोकांच्या मोठ्या सिनेमांची ही गत, तर मनमाडच्या खलाशाच्या फोटोला कोण विचारतो? आपले आपणच विचारायला हवे. नामदेवराव व्हटकरांनी ७ डिसेंबर १९५६ ला बाबासाहेबांची अंत्ययात्रा कॅमेऱ्यात घेतली, म्हणून तो जनसागर आज आपण डोळ्यांनी पाहू शकतो. सरकारची वाट बघत ते थांबले असते, तर आपल्याकडे फक्त सांगोवांगी उरली असती.

तिसऱ्या दिवशी रजा संपली. मी डबे घेऊन कल्याणला आले नाही. काका म्हणाले, तुमच्याकडे खाडीची दमट हवा, इथली कोरडी बरी. मनमाडला पाण्याचे हाल पिढ्यान्‌पिढ्या सोसले. निदान निगेटिव्हला तरी त्या कोरडेपणाचा फायदा! डबे मामींच्या आतल्या खोलीत, जमिनीपासून वर, फळीवर ठेवले. गंजके डबे टाकून कागदी खोके आणले. डब्यातली रबरबँड आणि वर्तमानपत्राचे तुकडे आधी काढले, कारण रबरातल्या गंधकाने फिल्म काळवंडते आणि वर्तमानपत्राचा कागद आम्लाचा असतो. प्लॅस्टिकच्या चिकटणाऱ्या पिशव्याही नकोत. साध्या आम्लरहित कागदाची पाकिटे करायची, एका पाकिटात एकच फिल्म आणि नंबर शिसपेन्सिलीने, फिल्म आत घालण्याआधी. काही हाफ प्लेट काचा निघाल्या. मामांनी त्या दुसऱ्या स्टुडिओतून जुन्या घेतल्या असाव्यात. त्या आडव्या रचल्या तर वजनाने तडकतात, म्हणून उभ्या ठेवल्या.

मग हिशेब मांडला. शेवटी बी.कॉम.ची पदवी कुठे तरी कामी आली पाहिजे. चांगल्या निगेटिव्ह मोजल्या २,६४०. एकीला चार मिनिटे धरली तर १०,५६० मिनिटे, म्हणजे १७६ तास. रविवारी चार तास बसलो तर ४४ रविवार. आमच्या महिला मंडळाच्या बायकांनी हा आकडा ऐकला आणि म्हणाल्या, "एवढंच ना? बचत गटाची वही यापेक्षा जास्त रविवार खाते."

ऑफिसात असतो तो साधा स्कॅनर यासाठी चालत नाही. कागदावरून उजेड परत येतो, निगेटिव्हमधून तो आरपार जावा लागतो. त्यासाठी झाकणात दिवा असलेला स्कॅनर लागतो. तसा एक जुना, वापरलेला आम्ही वर्गणी काढून घेतला. गावातल्या कॉलेजात शिकणारी दोन मुले बसायला तयार झाली. मामांची बहुतेक फिल्म १२० ची, म्हणजे सहा बाय सहा सेंटिमीटरची. ती इंचाला २,४०० ठिपके या मापाने उतरवली की एका फोटोत सुमारे पावणेतीन कोटी ठिपके येतात. टिफ प्रकारात ठेवले तर एक फोटो ५६ एमबीच्या आसपास. सगळे मिळून दीडशे जीबी. म्हणजे एका साध्या हार्ड डिस्कमध्ये सगळे मनमाड मावते! व्हॉट्सॲपवर पाठवायला त्याची लहान जेपीजी प्रत करायची. पण मूळ प्रत लहान करायची नाही. आणि एका डिस्कवर विसंबायचे नाही. माझ्या लग्नाची सीडी आज कुठल्याच यंत्रावर उघडत नाही, हा माझा स्वतःचा अनुभव आहे. तीन प्रती, त्यातली एक दुसऱ्या गावी. एक मनमाडला, एक कॉलेजच्या मुलांकडे, एक माझ्याकडे कल्याणला.

आणि उतरवून झाले म्हणून निगेटिव्ह फेकायची नाही. डिस्क दहा वर्षांत बंद पडेल. नीट ठेवलेली फिल्म आपल्या नातवंडांनाही पुरेल.

आता सगळ्यात मोलाची गोष्ट. तळाच्या खोक्यात मामांची रजिस्टरे सापडली. लांबट, लाल पुठ्ठ्याची, वाण्याच्या खतावणीसारखी. नंबर, तारीख, नाव, साइज, प्रती, आगाऊ, बाकी. पाकिटावरचा नंबर आणि रजिस्टरातला नंबर जुळवला की मुका फोटो बोलायला लागतो. मी जमा-खर्च जुळवणारी बाई. ह्या कामात मला फार सुख मिळाले.

पण जुळवता जुळवता एक गोष्ट टोचू लागली. पुरुषांची नावे पूर्ण लिहिली आहेत, हुद्द्यासकट. बायकांच्या जागी मात्र "खलाशी अमुक यांचे कुटुंब", "फिटर तमुक यांची आई", "बाई व दोन मुले". माझे मामा चळवळीतले माणूस होते, १४ एप्रिलला मिरवणुकीत फुकट फोटो काढणारे. तरी त्यांच्या हातून हे झाले. त्या काळात कुणाला खटकले नाही. आज खटकले पाहिजे.

म्हणून आम्ही ठरवले की महिन्यातून एका रविवारी वंदना झाल्यावर विहारात भिंतीवर फोटो दाखवायचे आणि म्हाताऱ्या बायकांना विचारायचे, ही कोण?

पहिल्या रविवारी चाळीस-पन्नास माणसे जमली. एका फोटोत रेल्वेच्या नळावर हंडे घेऊन रांगेत उभ्या असलेल्या बायका होत्या. तारखेचे पाकीट फाटलेले. मागे डोंगर आणि त्याच्या शेजारी अंगठ्यासारखा उभा सुळका. हडबीची शेंडी! एका आजीने लगेच सांगितले, "शेंडी डाव्या हाताला दिसते म्हणजे हा नळ कॉलनीच्या मागचा. आम्ही रात्री दोनला नंबर लावायचो." मग तिने रांगेतल्या सात बायकांची नावे एका दमात घेतली. त्यांच्या नवऱ्यांची नव्हे, त्यांची. मी लिहून घेत होते आणि हात पुरत नव्हता. सातव्या नावाला ती थांबली. "ही मी." सभागृहात कुणी बोलेना. तिची नात म्हणाली, "आजी, तू एवढी उंच होतीस?"

दुसऱ्या एका मुलीचा फोटो आला. स्थळ दाखवायला काढलेला. स्कॅनरवर मोठा केल्यावर तिच्या गालांवर बारीक रेघांची जाळी दिसली. काका उठून म्हणाले, "ते माझं काम. निगेटिव्हवर पेन्सिल फिरवली की फोटोत तोंड उजळ येतं. मुलीचे बापच सांगायचे, जरा गोरी करा." कॉलेजच्या मुलाने विचारले, रेघा पुसून टाकू का? संगणकात ते चुटकीसरशी होते. बायकांनीच नको म्हटले. एक जण म्हणाली, "राहू दे. आपल्याला आपल्याच रंगाची लाज वाटत होती, हेही पोरींना दिसू दे." मला वाटते, आमच्या त्या दिवसाच्या कार्यक्रमात याहून मोठे भाषण झाले नाही.

आतापर्यंत एकोणीस रविवार झाले आहेत. रजिस्टराशेजारी आम्ही नवी वही केली. डाव्या बाजूला मामांनी लिहिलेले जसेच्या तसे, उजव्या बाजूला आज कळलेले नाव. तिची नावे इथे छापत नाही, ती त्या त्या घरची आहेत. पण वही विहारात ठेवली आहे. ज्याला आपली आजी शोधायची असेल त्याने यावे.

१९६८ च्या रजिस्टरात आजीची नोंदही सापडली. नंबर, तारीख, नावाच्या रकान्यात "आई". साइज फुल. प्रती दोन. रकमेच्या रकान्यात मामांनी "निरंक" लिहिले आहे. मी ती बिनचेहऱ्याची निगेटिव्हही उतरवून घेतली. हात दिसतात. गुडघ्यांवर ठेवलेले, बोटे जाड, नखे झिजलेली. ते आईचेच हात आहेत आणि थोडे माझेही. उजव्या बाजूच्या रकान्यात मी आजीचे नाव लिहिले, पूर्ण. शेराच्या रकान्यात लिहिले, "चेहरा माझ्या हातून पुसला गेला." खतावणीत खोटी नोंद करू नये, असे आम्हाला शिकवले आहे.

प्रती दोन होत्या. एक पुरात गेली. दुसरी कुणाला दिली, याचा शोध चालू आहे.

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्याही घरात पेटीच्या तळाशी, पलंगाखाली, माळ्यावर अशी पाकिटे असतील. लग्नाच्या अल्बमच्या मागच्या खिशात फिल्मच्या पट्ट्या असतील. या रविवारी त्या काढा. हात धुऊन, कोरडे करून, कडेलाच धरा. ओला फडका लावू नका. स्कॅनर नसेल तर पांढऱ्या पडद्याच्या मोबाइलपासून दोन बोटे वर फिल्म धरून दुसऱ्या मोबाइलने सरळ वरून फोटो घ्या आणि त्याचे रंग उलटे करा. उत्तम नाही, पण काही नसण्यापेक्षा पुष्कळ बरे. आणि घरात जे कुणी म्हातारे माणूस आहे त्याच्याजवळ बसून विचारा, ही कोण, तो कोण. फिल्म आणखी वीस वर्षे थांबेल. ते माणूस थांबेलच असे नाही.

परतीची गाडी सकाळची पंचवटी. फलाटावर मामी पोचवायला आल्या होत्या. म्हणाल्या, "पुढच्या वेळी येताना माझाही एक फोटो काढ गं. तुझ्या मामानं गावाचे काढले, माझा राहूनच गेला."

मी गाडी सुटण्याआधी तिथेच काढला. नावासकट वहीत नोंद आहे.